शेवटच्या गाडीचा वाटा

मित्रांनो, मी गाडी उचलायचा एक जुना जॅक आहे. ओबदुलिओ लोहाराने मोडक्या नांगराच्या लोखंडातून मला घडवले. पुढे त्याची मुलगी नेलिदा शर्यतीची गाडी चालवू लागली आणि अर्जेंटिनाच्या धुळीच्या रस्त्यांवर मीही तिच्याबरोबर हिंडलो.

आमची गाडी बहुधा मागेच असायची. माझे मात्र कौतुक व्हायचे. माझी बैठक रुंद, त्यामुळे चिखलात मी रुतत नसे. सात वेळा विजेता ठरलेला दॉन इसिद्रोसुद्धा त्याचा चकचकीत जॅक फसला की मला मागून नेई. तेव्हा मी थोडा फुगायचो, खोटे कशाला बोलू?

शर्यत संपली की मांस भाजायच्या शेकोटीजवळ तिकिटांचे पैसे वाटले जात. अर्धे जिंकणाऱ्यांना, अर्धे सगळ्या गाड्यांना सारखे. मग एका वर्षी मोठ्या संघांनी आपापसात ठरवून सगळेच पैसे पहिल्या पाचांत वाटून घेतले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असे दॉन इसिद्रो हसत म्हणाला. मला त्याचा फार राग आला.

नेलिदाकडे टायरलाही पैसे उरले नाहीत. तिने गाडी विटांवर चढवली आणि मला खुराड्यापाशी टाकले. कोंबड्या माझ्यावर बसत, आणि नुसत्या बसत नसत! गाडी विकायची, असे ती भावाला, फेर्मिनला, सांगत होती. ते ऐकून माझा जीव तुटला.

एका सोमवारी दॉन इसिद्रो आमच्या गॅरेजात आला. फेर्मिनने त्याच्या हातात माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, दिला.

"काल जिंकलात म्हणे," नेलिदा म्हणाली.

"जिंकलो गं. टाळ्या वाजवायला माझी बायको होती, तीही मोबाइल बघत होती."

लहान संघ आलेच नव्हते. त्यांच्या गावांहून ढोल वाजवत येणाऱ्या बसही आल्या नाहीत. तिकिटांच्या पैशांत त्याच्या ट्रकचे डिझेलही भागले नव्हते. आता अर्धे पैसे पुन्हा सगळ्यांत वाटू, मी सांगतो सर्वांना, असे तो म्हणाला.

"तुम्ही सांगू नका, काका. उद्या तुमचं मन फिरलं तर? सगळ्यांसमोर हात वर करून ठरवू. एका गाडीला एक मत. शेवटच्या गाडीलासुद्धा."

त्याने माते संपवला आणि रिकामे भांडे फेर्मिनला परत दिले.

"बरं, पोरी. पहिला हात माझा."

आणि खरेच, पुढच्या शर्यतीआधी पहिला हात त्याचाच वर गेला. त्याचा मुलगा कुरकुरला, पण बाकीचे हात वर होतच राहिले.

त्या सकाळी फेर्मिनने मला घासूनपुसून तेल दिले. उधारीवरचे टायर चढवताना मी गाडी उचलली, तेव्हा माझे सांधे कुरकुरले, पण मन भरून आले. नेलिदा शेवटून दुसरी आली. ती येईपर्यंत आमच्या गावचा एकही माणूस जागचा हलला नाही, आणि संध्याकाळी तिच्या वाट्यातून उधारी फिटली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या हत्याराला अधूनमधून तेल द्या. आणि तुमच्या मागून धावणाऱ्याला पुन्हा येता येईल एवढे तरी त्याच्या वाट्याला येऊ द्या. गाडी एकटी कितीही वेगाने पळाली, तरी तिला शर्यत म्हणत नाहीत.