लेंड्यांचा बार

"बार हाय, लांब व्हा रे," असा आवाज देऊन रहेमानचाचांनी सुरुंगाच्या भोकात बकरीच्या सहा लेंड्या टाकल्या, वर गाळ दाबला आणि वीस पावलं मागे जाऊन उभे राहिले.

खाली मळ्यात मेथी खुडणाऱ्या बायका डोक्यावर पाट्या धरून मटकन बसल्या. मीही एका दगडाआड झालो. पुढे काही झालं नाही. लेंड्या फुटत नाहीत.

"चाचा, ओरडायची काय गरज?"

"बावीस वर्षं भोकात काय बी टाकलं की ओरडलो. आता तोंड ऐकत नाय."

नाशिक रोडच्या पुढची ही दगडखाण बंद पडून पाच वर्षं झाली होती. दर पावसाळ्यात तिथला सुटा मुरूम खालच्या मळ्यांत उतरायचा, म्हणून टेकडीवर झाडं लावून द्या, असा कंपनीला सरकारी हुकूम झाला. कंपनीने मुंबईहून बियाण्याचे डबे मागवले. डब्यावर टेनिस खेळणाऱ्या मडमेचं चित्र होतं. दोन पावसाळे ते बी पेरलं. मडमेच्या अंगणात ते उगवलं असतं. यंदा दसऱ्यापर्यंत हिरवं दिसलं नाही तर काम गुंडाळायचं ठरलं होतं. हिरवं दिसतं की नाही हे लिहायला मी कारकून होतो, आणि राखण करायला चाचा, खाणीतले जुने सुरुंगवाले. एक कान त्यांनी खाणीलाच दिलेला.

वाटेवर पाटी होती : बकऱ्यांना सक्त मनाई. चाचांच्या घरी बकऱ्या चार.

"बाभळीचं बी लय टणक," ते म्हणाले. "बकरीच्या पोटातनं आलं की नरम पडतं. घरवाली शकीला शेंगा चारते, मी लेंड्या आणतो. मनाई बकरीला हाय. लेंडीला नाय."

मी पाटी पुन्हा वाचली. लेंडीला खरंच नव्हती.

खाण अचानक बंद झाली तेव्हा पाडून ठेवलेली, दारू न भरलेली शंभरेक भोकं तशीच राहिली होती. चाचा प्रत्येकात तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी राहिलं तर पुढे जायचे, जिरलं तर खूश. "खाली फट हाय. मूळ तिथनं वाट काढंल."

मुरमाखाली सगळ्यात आधी ठमाबाईचा वाफा जायचा. तिचा नवरा गोटीराम चाचांचा जोडीदार. तो पहार धरायचा, चाचा घण मारायचे. एकदा वात लावूनही बार उडाला नाही. "बघून येतो," म्हणून गोटीराम गेला, आणि मग बार उडाला. वात चाचांनी लावलेली. सात वर्षं झाली. तेव्हापासून ठमाबाई चाचांशी बोलत नसे. बकरीशी बोले.

"बिजले," पाटीपाशी बांधलेल्या बकरीला ती म्हणायची, "सांग तुझ्या मालकाला, औंदा बी वाफा बुजला तर मी काय दगड विकू बाजारात?"

चाचा दोन हातांच्या अंतरावर उभे. तेही बकरीलाच म्हणायचे, "बिजली, बोल बाईला, औंदा नाय बुजायचा. आन् म्हणावं, थोडा गाळ लागंल."

दुसऱ्या दिवशी पाटीखाली गाळाचा ढीग असे. बिजली मधे उभी राहून रवंथ करी. इतका निःपक्षपाती माणूस मी कचेरीत पाहिला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीचे साहेब आले. एकसष्ट रोपं होती, गुडघ्याएवढी, सुरुंगांच्या सरळ रांगांत. मुळाशी मुरूम अडून बसला होता आणि खाली ठमाबाईचा वाफा मोकळा होता.

"कुठलं बियाणं?" साहेबांनी विचारलं.

"बकरीचं, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लिहिलं : डब्यातील बियाणे उत्तम. आठवड्यात आणखी वीस डबे आले. काम यशस्वी झालं, सबब रखवालदाराची जागा रद्द. उगवलं नसतं तरी रद्दच झाली असती. मी तसं चाचांना सांगितलं.

"म्हणजे कायदा सारखाच हाय," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी त्यांनी खिशातून लेंड्यांची पुरचुंडी काढली. गोटीरामचं भोक राहिलं होतं. फुटलेल्या बारात भोक कुठलं राहतंय? खडकावर नुसती अर्धी नळी उरली होती, पुढून उघडी. चाचांनी पुढे दगड रचून आडोसा केला. गाळ संपला होता. बिजली खाली पाटीपाशी. निरोप द्यायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात ठमाबाई वर आली. सात वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर गाळाची पाटी. बकरी दिसते का म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. मनाई होती.

"रहेमानभाऊ, पाटी धरा," ती म्हणाली.

चाचा हलले नाहीत. ती गेलेल्या कानाच्या बाजूला उभी होती. मी सांगायला पुढे झालो, तिने मला हातानेच थांबवलं. पाटी सावरत ती खडकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि तेच पुन्हा म्हणाली.

चाचांनी पाटी धरली. लेंड्या ठेवल्या, तिने गाळ दाबला.

"बार हाय," चाचा हळूच म्हणाले. खाली कोणाला ऐकू गेलं नाही.

दोघं तिथेच बसून राहिली.