आईचं ‘झालं’

“आई, फोन उचल ना! चौथ्यांदा वाजतोय.”

“वाजू दे,” आई म्हणाली आणि आधीच लख्ख असलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

नऊ वर्षांत आईने पहिल्यांदाच शुक्रवारी रजा घेतली होती. शुक्रवार म्हणजे तिच्या कंपनीत बिल्डचा दिवस. बारा जणांनी आठवडाभर लिहिलेला कोड एकत्र जोडायचा, त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवायचं, तपासायचं, गिऱ्हाइकाकडे धाडायचं. हे सगळं आई हाताने करायची. एकतीस पायऱ्या, निळ्या वहीत लिहिलेल्या. तिचं ‘झालं’ ऐकल्याशिवाय कुणी घरी जायला निघत नसे. वर्गात मी हे अशा थाटात सांगायचे, जणू माझी आई विमानच उडवते!

आजपासून ते काम एक यंत्रणा करणार होती. कोड आला की आपणहून जोडणार, तपासणार, सगळं ठीक अशी हिरवी खूण दाखवणार. ऑफिसात सगळे त्या यंत्रणेला लाडाने ‘राजा’ म्हणत. राजा दमत नाही, राजा रजा मागत नाही! आणि ह्या लाडोबाला वहीतल्या पायऱ्या शिकवल्या कुणी? आईनेच, महिनाभर बसून. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पाचव्यांदा वाजल्यावर मीच फोन उचलून स्पीकरवर टाकला. आईचे साहेब होते.

“ताई, राजाने घोळ घातलाय हो. खूण हिरवी, पण आत सगळं मागच्या आठवड्याचंच! गिऱ्हाईक चार वाजता बघणार आहे. वहीत काही राहिलं का?”

“बघते,” म्हणून आईने फोन ठेवला.

मी तर नाचलेच. “बरी जिरली! सांगूच नकोस. येतील शोधत!”

आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसले.

“जोडायच्या आधी जुना फोल्डर पुसायचा असतो, नाहीतर मागचंच पुन्हा पुढे जातं. हाताला इतकी सवय, की वहीत कधी लिहिलंच नाही. पण शिकवताना आठवलं होतं गं मला. आठवलं, आणि मी बोलले नाही.”

“मग आताही नको बोलूस!”

“राजाला कोण रागावणार? ज्या पोरीने तो बसवला, ती बिचारी बोलणी खाईल.”

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आईने फोन लावला. “आधी जुना फोल्डर पुसायला सांगा त्याला. एकच ओळ आहे. चूक माझी, पोरीला बोलू नका.”

पलीकडे कळफलक खडखडला. अकरा मिनिटं आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. मग एकदम टाळ्या.

“शाब्बास रे राजा!” कुणीतरी ओरडलं, आणि फोन कट झाला. ताईंचं नाव कुणी काढलं नाही.

“कृतघ्न मेले!” मी म्हणाले.

“जा, मैत्रिणी खाली थांबल्यात ना तुझ्या?”

मी दाराशी जाऊन उभी राहिले. आईने फडकं पिळलं, झटकून दोरीवर टाकलं, घड्याळाकडे बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही, असं हळूच म्हणाली, “झालं.”

मग मी चपला घातल्या.