लाख मैलांचा इसावा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. म्हातारी म्हणालात तरी चालेल, पण खटारा म्हणू नका, त्याचा मला राग येतो. बावीस वर्षांपूर्वी विलायतेत माझा जन्म झाला. काळा कुळकुळीत रंग, चार दारं, मागे ऐसपैस गादी आणि हॉर्न असा, की टांग्याचे घोडे कान टवकारत.

माझे पहिले धनी पुण्याचे एक डॉक्टर. कुणाचा ताप, कुणाचा दमा, कुणाचा मोडलेला पाय, आम्ही दोघं हजर. मी कधी नाही म्हटलं नाही. घरी परतलो की ते माझ्या बोनेटवर थाप मारून म्हणत, "शाबास, म्हातारे!" तेव्हा मी अवघी चार वर्षांची होते, पण लाडाने म्हणत. ते गेले आणि मी एका कंत्राटदाराकडे आले. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. ज्या गादीवर आजारी माणसं टेकायची, तिच्यावर त्याने सिमेंटची पोती रचली. काम संपल्यावर त्याने मला चिंचवडला दत्तोबा मिस्त्रींच्या वर्कशॉपमागे आणून सोडलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. असो. रडत बसायचा माझा स्वभाव नाही.

दत्तोबांनी मला पुन्हा उभी केली. एके दिवशी मला बघायला एक शेतकरी आला. चाकणजवळच्या महाळुंग्याचे मालोजी. बरोबर बायको पुतळाबाई आणि मेहुणा भैरू. हा भैरू देहूरोडला लष्कराच्या डेपोत लॉरी चालवायचा.

मालोजींनी मला कशी पारखली म्हणता? अहो, चाकणच्या बाजारात बैल पारखतात तशी! दोनदा भोवती फिरले. कुशीवर थाप मारली. बसून चाकं खुरांसारखी चाचपली. मला हसू आलं. मग त्यांनी बाजारातला रीतीचा प्रश्न विचारला, "मिस्त्री, खोड काय हाय तेवढी सांगा."

दत्तोबा खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "मीटरवर अकरा हजार दिसतंय, त्यावर जाऊ नका. त्यात पाचच आकडे मावतात. लाख मैल भरले की सगळी शून्यं होतात. हिचे लाख केव्हाच भरले. इंजिन चांगलं आहे, बॅटरी मात्र जुनी."

"लाख मैल?" पुतळाबाई मागे सरकल्या. "आवं, नगं. लई दमल्याली हाय ही. ऐन वक्ताला बसली तर?"

मालोजींनी माझ्या दारावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "गवराच्या वेळंला बैलगाडी व्हती. वाटंत इंदुरी गावाच्या अलीकडंच गेली पोर. आता इंदू बाळंतपणाला आलीया. तळेगावचा दवाखाना हिकडं आणता येत न्हाई मला. तवा ही नेतो."

पुतळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मोठी लेक गवरा बाळंतपणाला नेताना गाडीतच वारली होती, आणि धाकटी इंदू पहिलटकरीण होती. मला एवढंच कळलं, की आपण या घरी कशासाठी चाललो आहोत. लाखभर मैल पळाले, पण कुणी मला इतक्या गरजेने मागितलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, ही पोर मी पोचवीनच.

निघताना दत्तोबांनी बजावलं, "रोज चार-पाच मैल फिरवत जा हं." मालोजींनी मान हलवली. पण भैरू मला महाळुंग्याला पोचवून डेपोत परत गेला, आणि घरात दुसऱ्या कुणालाच मोटार चालवता येत नव्हती.

शिवाय मालोजींच्या मनात वेगळंच होतं. लांबच्या ओढीला न्यायचा बैल आधी चार दिवस कुणी जुंपत नाही. त्याला सावलीत बांधतात, अंग धुतात, चांगलंचुंगलं खाऊ घालतात. माझंही तसंच झालं. बैलांनी एका अंगाला सरकायचं आणि गोठ्यातली थंड जागा मला. रोज सकाळी अंघोळ. भाद्रपदातल्या पोळ्याला मला झूल घातली, बोनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि पुरणपोळी ठेवली. शेजारचं कुणी म्हणालं, "मालोजी, चाकणपर्यंत एक चक्कर मारू की राव," तर ते हात जोडत. "लाख मैल चाललीया बिचारी. घिऊ द्या इसावा."

एवढी माया मला आयुष्यात कुणी केली नव्हती. आणि त्याच मायेखाली माझी बॅटरी दिवसेंदिवस उतरत होती. मला ओरडावंसं वाटे, अहो, मी बैल नाही! मी बसून ताजी होत नाही, बसून मरते! पण हॉर्न दाबल्याशिवाय मला आवाज कुठला?

इंदू दुपारी माझ्या मागच्या गादीवर येऊन बसे. पोटावर हात ठेवून बाळाला सांगे, "मोटारीतनं जायचंय बरं का आपल्याला. थाटात."

दिवस भरत आले तसा भैरू रजा काढून आला. आल्या आल्या म्हणाला, "दाजी, जरा फिरवून आणतो. बॅटरी उतरली असंल."

"आता आठ दिस ऱ्हायलं, कशाला दमवतोस? बॅटरीला बी इसावा घिऊ दे."

भैरूला पटलं नव्हतं. पण बहिणीच्या नवऱ्यापुढे तो उलटून बोलला नाही. बोलला असता तर!

पाचव्या दिवशी सकाळी इंदूला कळा सुरू झाल्या. सुईण छबूबाईने पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "आडवं हाय लेकरू. तळेगाव गाठा, बिगी बिगी."

इंदूला माझ्यात निजवलं. पुतळाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. भैरूने बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

भैरूने हँडल मारून मारून हात सोलून घेतले. आठ-दहा गडी मला ढकलत वेशीपर्यंत गेले. शेवटी मालोजींनी आपले बैल दोराने माझ्यापुढे जुंपले. बैलांच्या चालीने का कुठं इंजिन पेटतं? मी एकदा खोकले. देवाशपथ सांगते, सगळा जीव गोळा करून खोकले. पुढे काहीच झालं नाही. इंदू किंचाळत होती आणि मी तिला घेऊन रस्त्यात उभी होते.

तासभर असा गेला. मग तेच बैल सोडून बैलगाडीला जुंपले आणि इंदूला माझ्यातून उचलून गाडीत ठेवलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी गाडी परत आली. इंदू वाचली होती. पुतळाबाईंच्या हातात गोधडी होती, पण रिकामी. तळेगावचे डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की तासभर आधी आला असता तर बाळ हाती लागलं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारं असेल तर त्याला कोपऱ्यात बसवून नुसतं गोंजारू नका. त्याला रोज थोडं चालू द्या, थोडं काम सांगा. माया करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय हवं आहे, ते आधी जाणून घ्या. मला झूल नको होती, पुरणपोळी नको होती. मला रोजचे चार मैल हवे होते.

गाडी परत आली त्या दिवशी मला वाटलं, मालोजी आता कुऱ्हाड घेऊन येतील. आले ते रिकाम्या हातांनी. माझ्या बोनेटवर डोकं टेकून ते पोरासारखे रडले. मग त्यांनी डोळे पुसले, झूल माझ्यावर नीट पसरली आणि म्हणाले, "तुजी काय बी चूक न्हाई, बये. लई दमली व्हतीस. मीच तुला आनखी इसावा द्याया पायजे व्हता."