टेकू

निवृत्तीनं भिंतीवर करणीच्या मुठीनं तीनदा टकटक केलं, कान लावला आणि हातोडा परत पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला.

"काय झालं?" दिलावर फोरमननं विचारलं.

"वर लिंटल, काँक्रीटची आडवी तुळई, घातल्याबिगर खालची वीट काढायची न्हाई."

दिलावर मिरजेचा. इथं आखातात, दोह्यात दहा वर्षं काढलेला. दिवसातून किती वेळा 'खलास' म्हणतो ते निवृत्तीनं मनाशी मोजलं होतं: साहेबापुढं एकदाही नाही, गवंड्यांपुढं तीसच्या वर.

"अरे, शोभेची फायरप्लेस आहे. आत लाकूड जळणार नाही, धूर निघणार नाही. चार विटा काढ, कमान कर, रंग मार. खलास!"

हा झाला पहिला.

बंगला कंपनीचा. पूर्वी गोरे साहेब राहायचे, त्यांनी हॉलमध्ये धुराडं बांधून घेतलं होतं. पुढं कुणीतरी ते विटांनी बुजवलं, गच्चीवरचं नळकांडं छाटलं, आणि उरली ती हॉलमध्ये पोट काढून उभी असलेली भिंत. आता तिथं वसईचे हॅरीसाहेब आले होते, आणि त्यांच्या एमिलीबाईंना ते पोट फोडून हवं होतं. त्या कोनाड्यात नाताळचा गोठा, येशूजन्माचा देखावा, मांडायचा. क्लबातल्या एका मडमेनं म्हणे हसून विचारलं होतं, तुम्हाला फायरप्लेस कशाला लागते? तेव्हापासून बाई हट्टाला पेटल्या होत्या. नाताळ बारा दिवसांवर होता.

आदल्या दिवशी दिलावरनं दुसऱ्याच माणसांकडून खालच्या सहा-सात विटा काढून घेतल्या होत्या. तेवढ्यानंच वर पायऱ्यापायऱ्यांची बारीक चीर गेली होती.

"चीर गिलाव्याची आहे," दिलावर म्हणाला.

"मग वरती चला. गच्चीवर दावतो."

दिलावर गच्चीवर जायला तयार होईना. पाय दुखतो म्हणाला. सकाळी हाच पाय ट्रकवरून उडी मारताना दुखला नव्हता, हे निवृत्तीनं पाहून ठेवलं होतं. गच्चीवर काय आहे तेही तो चहाच्या सुट्टीत बघून आला होता. छाटलेल्या धुराड्याच्या बुंध्यावर चौथरा, चौथऱ्यावर पाण्याची भली मोठी टाकी; सगळा भार हॉलमधल्या ह्याच भिंतीवर. चौथऱ्याचं सिमेंट ओलं असताना कुणीतरी त्यात बोटानं कोरलेलं होतं: दिलावर, १९७५.

"शहाजी फोडेल," दिलावर म्हणाला. "तू बाजूला हो. आणि उद्याचं तुझं मुंबईचं तिकीट. तुझा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातच आहे, वेळ लागणार नाही."

शहाजी निवृत्तीच्याच गावचा. त्यानं हातोडा उचलला खरा, पण नजर निवृत्तीवर. निवृत्ती शांतपणे उठला आणि त्या फोडलेल्या भोकाला पाठ लावून मांडी घालून बसला.

"फोड शहाजी. आधी मला, मग भिंतीला."

"दादा, असं कसं वो..."

"तिकीट काढा दिलावरभाई. खिडकीजवळची जागा बगा म्हंजे झालं."

आवाज ऐकून एमिलीबाई आतून आल्या. "मेस्त्री, काय चाललंय? मला चोवीस तारखेला गोठा मांडायचाय. ही नाटकं नकोत."

"बाई, चोवीसला गोठा मांडाल. पंचवीसला टाकी खाली येईल. नाटक कुनाचं ते उद्या कळंल." त्यानं पेटीतून काचेची एक पातळ पट्टी काढली. चिरेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकांना जिप्समचे गोळे थापले. "पान्याचा टँकर कवा येतो?"

"सकाळी नऊला. टाकी रिकामीच आहे."

"टाकी भरूद्या. वजनानं भिंत हालली तर काच सांगंल. काच शाबूत राहिली तर ही भिंत मी ह्या हातानं, बिनलिंटलची फोडतो, आणि आपल्या पायानं विमानात बसतो. काच तडकली तर लिंटल. आणि मी सांगंल तितके दिवस टेकू."

"वेळ फुकट घालवतोय," दिलावर पुटपुटला. पण 'खलास' काही म्हणाला नाही.

सकाळी नऊला टँकरवाल्यानं नळी वर चढवली. हॉलमध्ये चौघं उभे होते. शहाजी दारापाशी, पळायच्या बेतानं. एमिलीबाई हाताची घडी घालून. दिलावर काचेकडं सोडून सगळीकडं बघत होता. वरती पाण्याचा आवाज भरत गेला, जड होत गेला.

टच्.

काचेच्या मधोमध केसासारखी रेघ. मग पट्टीचा अर्धा तुकडा सुटून फरशीवर पडला.

"बंद करा! पाणी बंद करा!" एमिलीबाई ओरडत बाहेर धावल्या. परत आल्या त्या थेट दिलावरसमोर. "ती टाकी तिथं बसवली कुणी?"

दिलावरनं निवृत्तीकडं पाहिलं. निवृत्तीनं काचेचा तुकडा उचलून कागदात गुंडाळला.

"जुनं काम हाय बाई. वर नाव हाय, पर पुसट झालंय," तो म्हणाला. मग दिलावरजवळ जाऊन हळूच, "पन मला वाचता आलं."

टाकी रिकामी झाली, सळ्या आल्या, लिंटल ओतलं. भोकाच्या मधोमध निवृत्तीनं लाकडाचा जाड टेकू उभा केला. "चौदा दिवस हात लावायचा न्हाई. नाताळ असो, न्हाईतर कुनाचा बाप येवो."

तिकीट काही निघालं नाही. पण दुसऱ्या दिवशी पिकअप आली आणि निवृत्तीला लांब उत्तरेकडं, शमालच्या साइटवर टाकण्यात आलं, जिथं वारा, वाळू आणि कंपाउंडच्या भिंती. "यल्ला, चल, बैस," दिलावर म्हणाला. निवृत्तीनं आधी टेकूला ओळंबा लावून बघितला, मग चहा संपवला, मग बसला.

सव्वीस तारखेला शहाजी सिमेंटच्या ट्रकवरून शमालला आला. उतरायच्या आधीच हसत होता.

"दादा, परवा दिलावरभाई टेकू काढाय गेलते. साहेबाचा साहेब येनार, चांगलं दिसत न्हाई म्हनून. बाई आडव्या! म्हनल्या, मेस्त्रीनं चौदा दिवस सांगितलेत, आज दहावा. टेकूच्या ह्या अंगाला बाळ येशू, त्या अंगाला मेंढरं. ती क्लबातली मडम बी आलती. टेकूकडं बोट दाखवून काय तरी इचारलं तिनं."

"मग?"

"बाई म्हनल्या, हा आमच्या मेस्त्रीचा. आनि केक पुढं केला."

निवृत्तीनं कागदातली काच काढून उन्हात धरली. "टेकूला रंगीत कागद-बिगद गुंडाळला न्हाई ना?"

"न्हाई. तसाच उघडा."

"मग बरं."

पलीकडून इथला फोरमन ओरडला, "यल्ला, यल्ला!" निवृत्तीनं त्याच्याकडं बघितलं, शहाजीसाठी दुसरा कप भरला, आणि दोघांचा चहा संपेपर्यंत उठला नाही.