दोन्ही भाषा बोलणारं कार्ड

"शाकीर, कानस आण रे. बारकी," चांदसाब लेकाला म्हणाले, आणि त्यांची सून अनिसा टेबलाशी येऊन उभी राहिली.

टेबलावर सर्व्हरमधल्या दोनपैकी एक डिस्क काढून ठेवलेली होती आणि तिच्याशेजारी घरच्या कॉम्प्युटरची. दोघींचं माप एक, वजन जवळपास एक. उलट्या ठेवल्या तर जुळ्या बहिणीच. फरक फक्त तोंडात. घरच्या डिस्कला डेटाची पट्टी वेगळी, पॉवरची वेगळी, आणि मधे एक फट. सर्व्हरच्या डिस्कला ती फट प्लास्टिकनं भरलेली. घरच्या कॉम्प्युटरची केबल बरोबर तिथं येऊन अडत होती.

चांदसाब म्हणजे जन्माचे जॉबर. लोकांचे माग दुरुस्त करता करता त्यांनी अक्कलकोट रोडला स्वतःचा टॉवेलचा कारखाना उभा केला होता. पार्ट बसत नसला की दोन हात कानस मारायची आणि बसवायचा, हा त्यांचा नियम. आजवर तो खोटा ठरलेला कुणी पाहिला नव्हता.

सर्व्हर परवा जळाला होता. वीज गेली आणि परत आली ती उसळूनच. पेटीतून वास आला आणि सगळं थंड. त्यात कारखान्याची सगळी डिझाइनं होती. कुठला धागा वर, कुठला खाली, हे जकार्ड मागाला ठिपक्या-ठिपक्यानं सांगावं लागतं. ते ठिपके लग्न झाल्यापासून अनिसानं भरले होते, अगदी सातव्या महिन्यापर्यंत, पोटावर कीबोर्ड टेकवून. अक्कलकोटच्या रेवणसिद्ध शेटना त्यातल्या मोराच्या किनारीचा नमुना शुक्रवारी हवा होता. नाही मिळाला तर ते दुसरीकडे जाणार होते, आणि तसं त्यांनी सांगूनही ठेवलं होतं.

पूर्वी अनिसा दर आठवड्याला सगळ्याची एक प्रत वेगळी उतरवून ठेवायची. लेक झाली, राहत, आणि ते काम मागंच पडलं. "दोन डिस्क हायत की," शाकीर म्हणायचा, "एकीवरचं आपोआप दुसरीवर जातं." जायचं, खरंच जायचं. पण दोघी एकाच पेटीत होत्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शाकीर कानस घेऊन आला.

"अब्बा, नक्को," अनिसा म्हणाली.

"काय नक्को? एवढंसं प्लास्टिक हाय."

"त्याच्या मागं बघा."

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. भरलेल्या पट्टीच्या पाठीवर केसाएवढ्या सोनेरी रेघा चमकल्या. चांदसाबांनी चष्मा कपाळावर चढवून डिस्क डोळ्याला लावली.

"घरच्या डिस्कला एकच दार असतं," अनिसा म्हणाली. "हिला दोन. एका रस्त्यानं काम अडलं तर दुसऱ्यानं चालू राहावं म्हणून. रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनची डिस्क आहे ही. ते दुसरं दार या प्लास्टिकवरच आहे. तुम्ही घासलंत तर ते गेलंच. आणि घासून केबल बसली तरी उपयोग नाही. आपल्या कॉम्प्युटरला हिची भाषाच येत नाही."

"भाषा?"

"हौ. घरच्या डिस्कची भाषा साटा, हिची सॅस. तोंड मुद्दाम असं केलंय, की चुकून कुणी जोडू नये."

"वॉचमन बोलली," शाकीर हसला. घरात अनिसाला हेच नाव होतं. झोपलेल्या राहतच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी, गॅसचं बटण दोनदा तपासणारी. पण आज ती हसली नाही. डिस्क तिनं उचलली आणि पोरीला घ्यावं तशी छातीशी धरली. सासऱ्यांच्या हातातून तिनं काही काढून घेण्याची ही पहिलीच वेळ.

चांदसाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "उद्या सांजेपर्यंत थांबतो. मग मी हाय आणि कानस हाय."

दुपारी राहतच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून अनिसा वाचत बसली. पाय हलत होता, डोळे मोबाइलवर. कॉलेजात हे सगळं एका परिच्छेदात उरकलं होतं आणि तिनं तो परीक्षेपुरता पाठ केला होता. आता एकेक ओळ ती पुन्हापुन्हा वाचत होती. माझं चुकलं तर? सॅस समजणारं कार्ड कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि त्यानंच सगळं पुसलं तर? या भीतीनंच तिला पुढची ओळ वाचायला लावली, आणि तिथं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शाकीरला घेऊन अभिमन्यूच्या दुकानात गेली. अभिमन्यू शाकीरचा शाळेतला दोस्त, जुन्या-नव्या कॉम्प्युटरचा व्यापारी.

"भाभी, कशाला त्या म्हातारीच्या मागं लागताय?" त्यानं च्युइंगमच्या पट्टीएवढी एक चपटी वस्तू पुढं केली. "ही घ्या नवी डिस्क, एनव्हीएमई. सरळ बोर्डावर बसते. नुसतं रॉकेट हाय बघा!"

"रॉकेटमध्ये माझी डिझाइनं आहेत का?"

"न्हाईत."

"मग ते नंतर. मला सॅसचं कार्ड द्या. घरच्या कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसणारं, आणि त्याची केबल. पण डिस्कच्या जोड्या बनवणारं कार्ड नको. ते नवी जोडी करायला जाईल आणि जुनं पुसून बसेल. नुसतं वाचून पुढं देणारं पाहिजे."

अभिमन्यूनं शाकीरकडं बघितलं. "लेका, भाभींना एवढं कळतं, हे तू कधी सांगितलं न्हाईस मला."

"मला तरी कुटं माहीत होतं?"

एका बंद पडलेल्या बँकेच्या सर्व्हरमधलं कार्ड माळ्यावर होतं. अभिमन्यूनं फुंकर मारून धूळ उडवली. "हे दोन्ही बोलतंय भाभी. साटाबी, सॅसबी."

"अक्कलकोटच्या दुकानदारासारखं," अनिसा म्हणाली. "गिऱ्हाईक कन्नड बोलो की मराठी, त्याचं अडत नाही."

घरी येऊन तिनं मेन स्विच बंद केला. तो बंद आहे ना, हे परत जाऊन बघितलं. कार्ड स्लॉटमध्ये बसवलं. केबलचं तोंड डिस्कच्या तोंडाला लावलं, आणि ते जराही जोर न लावता टक् करून बसलं. चांदसाब मागं उभे होते. तो आवाज त्यांनी ऐकला; नीट बसलेल्या पार्टचा आवाज त्यांना कुणी शिकवायला नको होता.

तिनं मेन स्विच आणि कॉम्प्युटर चालू केला, तशी डिस्क फिरायला लागली. पडद्यावर पाटी आली: डिस्क नवीन दिसते, तयार करू का?

"कर की हो," शाकीरचं बोट पुढं आलं.

अनिसानं त्याचं मनगट पकडलं. "हो म्हटलंत तर कोरी पाटी करून ठेवील!"

तिनं नाही दाबलं आणि कॉम्प्युटर बंद केला. हिला विजेचा धक्का बसलेला दिसतोय, तिनं मनाशी म्हटलं. आता उरली दुसरी. सासूबाई बिबीजान राहतला कडेवर घेऊन दारात आल्या. अनिसानं केबल दुसरीला जोडली, तोंड बोटानं चाचपलं, आणि बटण दाबलं.

घरघर. मग बारीक, एकसारखा सूर.

पडद्यावर फोल्डर उघडले. किनारी. वेली. लहान मुलांचे टॉवेल. आणि मोर, पिसारा फुलवलेला, एकही ठिपका न हललेला.

"आला!" शाकीर ओरडला, तशी राहत दचकून रडायला लागली आणि बिबीजान हसायला.

"थांबा, कुणी कशालाही हात लावायचा नाही," अनिसा म्हणाली. "आधी सगळं दोन ठिकाणी उतरतंय. एक घरी राहील, एक कारखान्यात. मग मोर मागावर."

"वॉचमन सांगतील तसं," शाकीर म्हणाला, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

दिवस मावळायच्या आत सगळं घर कारखान्यात जमलं आणि माग सुरू झाला. कारखाना कानठळ्या बसवत होता. वरचे दोरे उचलले जात होते, खाली पडत होते, आणि पांढऱ्या टॉवेलवर आधी पाय आले, मग पोट, मग ती बाकदार निळी मान. चांदसाबांनी वाकून किनारीवरून अंगठा फिरवला. कुठं धागा सुटलाय का बघत होते. सुटला नव्हता.

त्यांनी तिथंच, मागाच्या गोंगाटात, रेवणसिद्ध शेटना फोन लावला. एक कान हातानं झाकून ओरडले, "नमुना तयार हाय, शेट! उद्या सकाळी या! काय? व्हय, मशीन जळालं होतं... न्हाय, न्हाय, इंजिनेर कशाला? आमच्या सुनेनं काढलं!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"मग? सोमवारपासून हापिसात तीच बसणार," चांदसाबांनी ठणकावून सांगितलं. फोन ठेवून ते बिबीजानकडं वळले. "झोळी कारखान्याच्या हापिसात बांधायची. हूक मी ठोकतो."

"पोरीला हा आवाज सोसंल का?" अनिसाच्या तोंडून निघालंच.

बिबीजाननी कडेवरची राहत तिच्यापुढं धरली. त्या गदारोळात पोरगी आजीच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. अनिसानं सवयीनं तिच्या नाकाखाली बोट धरलं, ऊन श्वास लागला, आणि मग ती मोठ्यानं हसली, माग चालू असतानाही ऐकू जाईल इतकी.