शेवटचा गडी आन् गुळाचं ताट

मला आधी एक सांगा, खेळायचा पगार कोण देतं? आमच्या दिपाच्या बाबांची हिंगोली डेपोत एस.टी. चालवून चालवून कंबर गेली, तवा कुठं महिन्याच्या महिन्याला पगार हाती पडला. आन् हे स्थळ आलं कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातून. पोराचं नाव विकास, मोहनसिंग पवाराचं पोरगं, पुण्यात कामाला. काम काय? तर कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात जायच्या आधी आपण खेळून बघायचा, आन् त्यात काय बराबर हाय, काय बिघडलंय ते कंपनीला सांगायचं. मी मध्यस्थाला पुन्हा पुन्हा विचारलं, दर बारीला त्यानं हेच सांगितलं. मी म्हणलं, हे जर काम असंल तर आमच्या गल्लीतली समदी पोरं साहेब हायेत!

पण दिपाचे बाबा, देविदास राठोड, म्हणले, "पोरगं निर्व्यसनी हाय, शिकेल हाय. बघून यायला काय जातं?"

दिपा तवा नांदेडला नर्सिंग करत व्हती. तिचा फोन आला. "आई, घर बघा, माणसं बघा. पण मी त्याच्याशी बोलल्याबिगर बाबांना गूळ खाऊ देऊ नको."

आमच्या बंजारा लोकांत गुळाचं असं हाय. नायकासमोर, म्हंजे तांड्याच्या मुख्यासमोर, पोरीच्या बापानं गुळाचा खडा तोंडात टाकला की सोयरीक झालीच म्हणून धरतात, पोराकडचे तर मागून खातातच. मंग मोडायचं म्हणलं तर पंचात मान खाली घालून उभं ऱ्हावं लागतं, चार तांड्यांत नाव जातं. आमच्या थोरलीचा, शिलाचा गूळ ह्यांनी असाच अठ्ठ्याण्णव साली बाजाराच्या दिवशी खाल्ला आन् घरी येऊन तिला सांगितलं. ती "बरं" म्हणली. बस, तेवढंच. पुढं त्या घरात तिचं काय झालं ते मी सांगत बसत न्हाई, माझा जीव जळतो. आता ती लेकरू घेऊन आमच्याजवळच ऱ्हाते. म्हणून दिपाचा शब्द मला काळ्या दगडावरची रेघ व्हता. मी ह्यांना दिपाच्या नावानं शपथ घालून नेलं. हे म्हणले, "अगं बाई, मी काय लहान लेकरू हाय का गूळ बघून तोंड उघडायला?"

तर ऐका.

दिवाळी होऊन गेल्यावर आमी गेलो, दोन हजार सात सालची गोष्ट. मोहनसिंगाचं घर चांगलं, स्लॅबचं. अंगणात सोयाबीनची पोती रचलेली. ह्यांना खुर्ची दिली, मी बायांसंगं आतल्या दाराशी बसले. तिथून समदं दिसत व्हतं. टेबलावर विकासनं पुण्याहून आणलेला कॉम्प्युटर, त्याला लक्ष्मीपूजनाचा झेंडूचा हार तसाच वाळून राहिला व्हता. तांड्याचा नायक रूपसिंग, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, पाव्हणे आले म्हणून येऊन बाजेवर बसला.

चहा झाला. ह्यांना धीर निघतो का? सरळ विचारलं, "पोरा, तू नेमकं करतो काय?"

"दाखवतो ना काका," म्हणून विकासनं कॉम्प्युटर लावला.

लढाई व्हती. जळकी घरं, पडक्या भिंती, मधात रस्ता. आपले सहा गडी बंदुका घेऊन उभे. विकास म्हणला, "आता आपली बारी. हरएक गड्याला थोडीथोडी ताकद दिलेली असते. तेवढ्यात त्यानं चालायचं, लपायचं का गोळी मारायची, ते आपण ठरवायचं. ताकद संपली की गडी गप. मंग शत्रूची बारी."

"आन् शत्रू गोळ्या मारंल तवा?"

"तवा आपण बघत बसायचं."

"काहून?" ह्यांचा आवाज चढला. "तो समोरून मारून राहिला आन् आपला माणूस नुसता उभा? पळत काहून न्हाई?"

"आपली बारी न्हाई ना काका."

"अरे, जीव चालला तरी बारी बघायची का?"

मलाबी काही कळंना. मी शेजारच्या बाईला विचारलं, "हे खरंच असं असतं का लढाईत?" ती म्हणली, "मला काय माहीत बाई, आमचं पोरगं चार दिवसांपासून हेच करून राहिलं."

विकासनं एका गड्याला भिंतीआडून नेम धरायला लावला. वर आकडा आला. शंभरातल्या पंच्याण्णव बाऱ्या लागणार म्हणून. हे खूश. गोळी सुटली आन् बाजूच्या झाडाला लागली! हे खुर्चीवरून उठलेच. "ही लबाडी हाय! पंच्याण्णव म्हणला ना तू?"

"पाच राहतात ना काका," विकास हसला. "लोकं याच्यावरच चिडतात. कंपनीला देतो त्या यादीत मी हे खेळाच्या कमजोरीत टाकलंय. हिशेब खरा हाय, पण माणसाला तो खरा वाटत न्हाई."

"मंग बदला ना तो!"

"बदलला तर खेळात मजा ऱ्हात न्हाई."

म्हंजे जे वाईट तेच चांगलं! माझं डोकं गरगरून राहिलं. विकास मातर रंगात आला व्हता. म्हणला, ह्या खेळाची ताकद अशी की घाई न्हाई. आपली बारी असली की कितीबी वेळ विचार करा, घड्याळ लावेल न्हाई, कोणी मागं लागत न्हाई. आन् सहाच गडी असल्यानं एकेकात जीव अडकतो. कमजोरी अशी की शत्रू अडाणी, एका दारातून एकामागं एक मरायला येतो. आन् सगळ्यात मोठी कमजोरी म्हंजे, गडी मेला तर मागं जाऊन पुन्हा तिथून खेळता येतं. "मंग मरणाला किंमत काय राहिली?" असं म्हणला. हे वाक्य तेवढं मला बराबर कळलं. पोरगं वाया गेलेलं न्हाई, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू!

मंग काय, ह्यांनी खुर्ची पुढं ओढली. "सरक. मी सांगतो तसं कर." जाड मिशीच्या एका गड्याला ह्यांनी बाबूसिंग नाव देऊन टाकलं, ह्यांच्या गाडीवर बाबूसिंग नावाचे कंडक्टर व्हते त्यांचं. "बाबूसिंगला पुढं घाल. बाबूसिंग, बस खाली! अरे, बस ना!" जसं काय तो ऐकून राहिला. घाटातून गाडी काढताना धरतात तशा मुठी धरल्या व्हत्या. नायक रूपसिंगबी बाजेवरून उठून मागं येऊन उभा राहिला आन् म्हणला, "त्या वाळूच्या पोत्याच्या आड कोणीतरी हाय बरं."

शत्रूचे समदे पडले, एक राहिला. तो दिसंना. एक एक घर, एक एक खोली. आपली बारी, कोणी न्हाई. त्याची बारी, काहीच होत न्हाई. पुन्हा आपली बारी. विकास म्हणला, "हीबी एक कमजोरी. शेवटचा गडी लपून बसतो आन् आपण निस्तं हिंडत ऱ्हातो. लोकं कंटाळून बंद करतात." पण हे कुठले बंद करतात! डोळ्याची पापणी लवंना. आन् मी? मीबी दारातून मान लांब करून बघत व्हते. कुठं गेला असंल मेला? विहिरीत तर न्हाई?

तेवढ्यात मोहनसिंग आतून ताट घेऊन आला आन् ते नायकाच्या हातात दिलं. मी ताट बघितलं, खोटं न्हाई बोलत, पण मला वाटलं शेंगदाणे हायेत. नायकानं ताट ह्यांच्यापुढं धरलं. ह्यांचे डोळे पडद्यावर. हात ताटात गेला, खडा उचलला आन् तोंडात.

माझ्या शेजारच्या बायांनी एकदम गाणं लावलं.

हे दचकले. गाल फुगलेला, तसेच वळून विचारतात, "काय झालं? कोणाचं काय झालं?"

"तुमच्या पोरीचं झालं!" मी ओरडले. डोक्यावरचा पदर घसरला, नायक समोर, मला भान न्हाई. "अहो, गूळ हाय तो! गूळ!"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खडा गालात तसाच. थुंकावा तर भर घरात नायकाचा अपमान, गिळावा तर लेकीची शपथ मोडली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! माझ्याकडं बघून राहिले, मी त्यांच्याकडं. मोहनसिंगानं हे भोळेपणानं केलं का डाव साधला, मला अजून कळलं न्हाई. तो म्हणत व्हता, "पाव्हणे इतके रमले, मला वाटलं मन भरलं."

बाया गायच्या थांबल्या. नायक म्हणला, "खाल्ला ना? मंग झालं. आनंद करा."

"पोरीला विचारायचं ऱ्हायलं नायक," मी म्हणलं.

"आजवर कोण्या पोरीला विचारलं?"

"म्हणून तर माझी एक पोर घरी येऊन बसली!"

ह्यांनी गालातल्या गालात काहीतरी म्हणलं, कळलं न्हाई. मी म्हणलं, "गिळू नका, तसेच थांबा, मी फोन लावते." आता तुमीच सांगा, गूळ काय थांबतो? कॉम्प्युटरवर शत्रू आपल्या बारीसाठी थांबून राहिला व्हता, आन् गूळ मातर विरघळून चालला. विकासनं आपला मोबाईल दिला. लागंना. पुन्हा लावला. दिपानं उचलला तवा ह्यांचा गाल खाली बसला व्हता. ह्यांनी मान खाली घातली.

"दिपा," मी म्हणलं, "तुझ्या बाबांनी गूळ खाल्ला गं."

मंग ती म्हणली, "बरं."

तेच. शिलाचंच "बरं". मला रडू फुटलं, त्या परक्या घरात, समद्यांसमोर.

विकासनं माझ्या हातातून फोन घेतला. पोरगं घाबरलं व्हतं. म्हणला, "मी विकास बोलून राहिलो. तुमच्या बाबांची चूक न्हाई, मीच त्यांना खेळात गुंतवलं. आन् मी अजून गूळ खाल्ला न्हाई. दोन्ही घरांनी खाल्ल्याबिगर पुरं होत न्हाई, नायक इथंच हायेत." नायक मिशी ओढत म्हणला, "तसं बराबर हाय, पण..." विकास थांबलाच न्हाई. "मी खाणार न्हाई. आता बारी तुमची. कितीबी वेळ घ्या. इथून कोणी मागं लागणार न्हाई."

मोहनसिंग लालबुंद झाला. "अरे, नाक कापलं तू माझं!" पण पोरगं फोन कानाला लावून ऐकत व्हतं. एकाएकी त्याचा चेहरा गोंधळला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, तुमी खेळातल्या ताकदी आन् कमजोऱ्या सांगता ना? मंग तुमच्या स्वतःच्या सांगा. आधी कमजोऱ्या."

इतका वेळ पोपटासारखं बोलणारं पोरगं, आता डोकं खाजवायला लागलं. मंग फोन घेऊन अंगणात गेलं, सोयाबीनच्या पोत्यावर बसलं आन् बोलत राहिलं. आमी समदे आतून बघून राहिलो. नायकानं विचारलं, "एवढ्या कमजोऱ्या हायेत का पोरात?" मोहनसिंगाला हसावं का रडावं कळंना. आत आल्यावर विकास एवढंच म्हणला, "विचार करते म्हणली."

ताट तसंच राहिलं, त्याला मुंग्या लागल्या. निघताना दिपाचे बाबा दारात थबकले आन् खाल मानेनं पोराला म्हणले, "तो शेवटचा सापडला तर कळव."

दिपानं विचार केला तो पुढची दिवाळी येईपर्यंत! मोहनसिंगाचे निरोपावर निरोप. आमच्या भावकीतले म्हणले, पोरीला लई डोक्यावर चढवलं. हे एरवी कोणाचं ऐकून घेणारे न्हाईत, आता नुसतं म्हणायचे, "तिची बारी हाय." मधेच ती नांदेडहून विकासला भेटायला गेली, मैत्रिणीला घेऊन. काय बोलली, मला सांगितलं न्हाई. मी विचारलं तर म्हणली, "आई, पंच्याण्णव टक्के." मला त्या झाडाला लागलेल्या गोळीची आठवण आली.

मंग एक दिवस सुट्टीवर आली ती हिंगोलीच्या बाजारातून गूळ घेऊन. ताटात ठेवला आन् बाबांसमोर धरला. "घ्या."

हे ताटाकडं बघत राहिले. हात पुढं होईना. "मागं जाता येत न्हाई बरं याला," म्हणले.

"माहीत हाय बाबा."

"मंग आधी तू खा."

आमच्यात पोरीनं स्वतःचा गूळ खाल्लेला मी कधी ऐकलाबी न्हाई. तिनं खडा उचलला आन् दातानं कुडूमकन फोडला. त्यानंतर ह्यांनी खाल्ला, डोळे पुसत पुसत. मी म्हणलं, चला बाई, सुटलो एकदाचे.

शिला चुलीपाशी भाकरी थापत बसली व्हती. हे ताट घेऊन तिच्याकडं गेले, एक खडा उचलून तिच्यापुढं धरला. तिचे हात पिठाचे. तिनं खड्याकडं बघितलं, मंग बापाकडं.

"मला कशाला बाबा आता?" ती म्हणली.

खडा धरून हे तसेच उभे राहिले, आन् तव्यावरची भाकरी करपून गेली.