ओल्या खताचं वजन

"ही सही तुमचीच ना?" अपघाताच्या तपासणीला आलेल्या सरकारी मॅडमनी फाईल पुढे सरकवली.

खंडेरावने चष्मा पुसून पाहिलं. "सही माझीच हाय." मग त्याने फाईलचं पहिलं पान उलगडलं आणि त्याचा हात थांबला. "पण मॅडम, हा आकडा माझा नाय."

शेजारी बसलेला बद्रीनाथ, कारखान्याचा मालक, चहाच्या कपात बघत राहिला.

चिकलठाण्यातल्या या कारखान्यात माल वाहणारे पट्टे बनत. पट्ट्यावर मीटरमागे किती माल बसेल, तो किती जड, चढ किती, मोटर केवढी, हे सगळं बावीस वर्षं खंडेरावच काढत आला होता. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या घरातला तो पहिलाच डिप्लोमावाला. बद्रीनाथ कॉलेजात त्याच्याच बाकावर होता. पहिली ऑर्डर आली तेव्हा कारखान्याला टेबल नव्हतं. खंडेरावने मुकुंदवाडीच्या खोलीत पोटावर पडून ड्रॉइंग काढलं होतं.

पाचोडजवळच्या खत कारखान्याचं काम आलं, तेव्हा त्यांनी कळवलेलं वजन त्याला हलकं वाटलं. तो एसटीने स्वतः गेला. फूटभर लांब, रुंद, खोल अशी लाकडी पेटी त्याने बरोबर नेली होती. तिथल्या मजूर पारूबाईने ती भरून दिली.

"भाऊ, वरचं नका घेऊ. ते उन्हानं वाळलंय. खालचं ओलं घ्या, आमी तेच टाकतो पट्ट्यावर."

पेटी चोवीस किलो भरली. त्यांनी कळवलेल्या सुक्या वजनाने ती तेराच भरली असती. म्हणजे त्याच पट्ट्यावर जवळपास दुप्पट भार. त्याने चोवीस धरून हिशेब केला. ड्रॉइंगमध्ये मोठी मोटर घेतली आणि लाइट गेली तरी भरलेला पट्टा उलटा घसरू नये म्हणून ब्रेक घातला. शेवटच्या पानावर सही करून फाईल बद्रीनाथला दिली.

आता सहीचं पान तेच होतं, पण पहिल्या पानावर तेरा होते. ब्रेक कुठेच नव्हता. मागच्या आठवड्यात लाइट गेली, भरलेला पट्टा उलटा धावला आणि पट्टा ज्यावरून वळतो त्या खालच्या ड्रमपाशी साफसफाई करणाऱ्या पारूबाईची चार बोटं गेली.

मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या. खंडेरावने आपला खण उघडला. पाचोडला वजनं लिहिलेली वही तिथे नव्हती.

"बद्री, माझी वही कुठंय?"

"खंडू, ऐक. त्यांना स्वस्तात पायजे होतं. दुसऱ्यानं ऑर्डर नेली असती. तू एवढंच लिहून दे, घाईत सुकं वजन धरलं गेलं. चूक माणसाकडून होते. तुला मी काय वाऱ्यावर सोडणार हाय का?"

"वही कुठंय?"

बद्रीनाथने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. वही कुणी काढली आणि आकडा कुणी बदलला, ते खंडेरावला समजलं.

मॅडम परत आल्यावर तो म्हणाला, "माझ्याकडं कागद नाय. पेटी भरणारी बाई हाय. तिला विचारा."

दवाखान्यात पारूबाईचा उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवला होता. मॅडमनी विचारल्यावर तिने लगेच सांगितलं, "चोवीस भरलं व्हतं. ह्या भाऊनं दोनदा तोललं. मी म्हणलं, माणूस लई चिकित्सक हाय."

मॅडमनी लिहून घेतलं. खंडेरावला हलकं वाटणार, तोच पारूबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाला वजन ठावं व्हतं भाऊ. मग मशीन बसवल्यावर एकदा बघाय का नाय आलं?"

बद्रीने बसवलंय म्हटल्यावर बघायचं काय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. ते तिला सांगावंसं वाटलं नाही.

"चुकलं, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आपलं सामान घ्यायला कारखान्यात गेला. गेटवरचा कडुबा रोज त्याला पाहून उठायचा. आजही उठला, पण दार उघडलं नाही. खाली बघत त्याने बाहेरच्या माणसांचं रजिस्टर पुढे केलं.

"साहेबांनी सांगितलंय, भाऊ. माझा इलाज नाय."

"असू दे."

खंडेरावने उभ्यानेच पेन घेतलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'कोणाला भेटायचे' या रकान्यापाशी तो जरा थांबला. मग तेवढी जागा कोरी ठेवून त्याने रजिस्टर कडुबाच्या हातात परत दिलं.